टोकन नंबरनं लॉगिन

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम घेतलं होतं, कुणी किती पीस शिवले त्याची नोंद आणि आठवड्याचा हिशेब, बस एवढंच. जँगो (वेबसाइट बनवायचं पायथॉनमधलं फ्रेमवर्क) हाताखालचं म्हणून त्यातच सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी मायग्रेट, म्हणजे डेटाबेसात टेबलं बनवायची कमांड, मारून मोकळा झालो. तिथंच माती खाल्ली.

जँगोचा तयार युजर युजरनेम मागतो. शिलाईवाल्या मावशींना विचारलं, युजरनेम काय ठेवू? "माझं नावच की ओ." त्या नावाच्या तिथं तिघी, आणि ईमेल तर कुणाकडंच नाही. म्हटलं मोबाईल नंबरनं लॉगिन करू, जँगोच्या एबस्ट्रॅक्टयुजरवरून स्वतःचा युजर क्लास काढला, युजरनेम इक्वल टू नन, मोबाईल फील्ड युनिक (एक नंबर एकालाच), युजरनेम_फील्डमध्ये तेच, सेटिंगमध्ये ऑथ युजर मॉडेल बदललं आणि परत मायग्रेट. एरर, इन्कन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी, म्हणजे मायग्रेशनचा क्रमच जुळेना! अ‍ॅडमिनचं, म्हणजे जँगोच्या आयत्या कंट्रोल पॅनेलचं, पहिलं मायग्रेशन आधीच झालेलं, आणि आता ते ज्याच्यावर अवलंबून आहे ते माझं अकाउंट्सचं (जिथं युजर क्लास आहे त्या भागाचं) मायग्रेशन झालेलंच नाही. अ‍ॅडमिनच्या लॉग टेबलची फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्याला असलेला दुवा, जुन्या युजर टेबलला चिकटलेली असते, ती सेटिंगची एक ओळ बदलून सुटत नाही. स्वतःचा युजर मॉडेल लावायची ही सोय २०१३ च्या १.५ व्हर्जनपासून आहे, आणि नवीन प्रोजेक्टला सुरुवातीलाच कस्टम युजर करा, सध्या गरज नसली तरी, असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं.

नशीब डेटा टेस्टिंगचाच होता, डेटाबेस उडवला, मायग्रेशनच्या फायली पुसल्या, परत पहिल्यापासून. लाईव्ह असतं तर रविवारवर भागलं नसतं.

मग सुपरयुजर (सगळे अधिकार असलेलं खातं) बनेना, कारण युजर बनवणारा आयता मॅनेजर युजरनेमच शोधत बसतो. बेसयुजरमॅनेजरवरून आपला लिहिला, त्यात घाईत पासवर्ड सरळ फील्डमध्ये टाकला, सेट_पासवर्ड विसरलो, म्हणजे हॅश (गुप्त रूप) न होता जसाच्या तसा डेटाबेसात आणि लॉगिन काही होईना, अर्धा तास मी टेम्प्लेटमध्येच चूक शोधतोय. अ‍ॅडमिनचा युजरअ‍ॅडमिनही युजरनेमवरच सॉर्ट करतो, तिथं ऑर्डरिंग, लिस्ट डिस्प्ले (यादीतले कॉलम) आणि फील्डसेट (फॉर्मवरचे रकाने), सगळंच बदलावं लागतं.

एवढं करून कारखान्यात गेलो तर चौथ्याच एंट्रीला युनिकची एरर. मावशी आणि त्यांची सून, दोघींत मिळून एकच फोन. युजरनेम ईमेलच्या बाहेर विचार केला म्हणून मी स्वतःवर खूश होतो, पण माणशी एक फोन हे पण मीच गृहीत धरलेलं ना. जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणाला, "टोकन नंबर हाय की प्रत्येकाला, हजेरी त्याच्यावरच लागते." हे पहिल्या दिवशी त्याला विचारायचं सुचलं नाही मला.

या वेळी मात्र मॉडेल आपलंच होतं. टोकन फील्ड घातलं, होत्या त्या तिघींचे नंबर भरले, युनिक केलं, मोबाईलचा युनिक काढला, युजरनेम_फील्डमध्ये टोकन. चहा गार व्हायच्या आत झालं. बाकी टेबलांच्या फॉरेन कीला हातही लावावा लागला नाही, कारण त्या युजरच्या आयडीला जोडलेल्या असतात, लॉगिनच्या फील्डला नाही.

आणि हो, टोकनला कॅरेक्टर (अक्षरांचं) फील्डच ठेवा. मावशींचं टोकन ०४७ आहे, इंटिजरमध्ये (आकडा म्हणून) त्याचं ४७ होतं आणि मग त्या म्हणतात हे माझं नव्हंच.