अंधेरी ते वसई: तीन बोटी, दोन नाके

मार्ग आधी सांगून टाकतो, त्याला फार शब्द लागत नाहीत. अंधेरीहून वर्सोवा, तिथून फेरीबोटीने मढ, पुढे आक्सावरून मार्वे, पुन्हा बोट, मग मनोरी, गोराई, उत्तन, भाईंदर आणि शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने, वसई. तिन्ही बोटींवर दुचाकी चढवता येते. परतीला हायवे. एका दिवसात होतं. मनोरी ते उत्तन रस्ता अरुंद आहे पण सुरेख. उत्तनला बोंबील वाळत घातलेले दिसतात. वसईच्या किल्ल्याला दोन तास ठेवा. बस्स. हे सगळं छान झालं आणि त्याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

सांगायचंय ते वाटेत पोलिसांनी अडवलं त्या दोन नाक्यांबद्दल. ठिकाणं मुद्दाम देत नाही.

मी नूनोबरोबर गेलो होतो. नूनो पोर्तुगालचा, माझ्याच ऑफिसात, तीन वर्षं अंधेरीत भाड्याने राहतो. वसई १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होती, म्हणून त्याला ती बघायची होती. गाडी त्याची, चालवणारा तो, मी मागे. निघण्याआधी घरात, ऑफिसात, सगळ्यांनी मला एकच सांगितलं: "तू आहेस ना बरोबर, मराठीत बोल, कोणी अडवणार नाही." हे साफ चुकीचं निघालं. परदेशी माणसाबरोबर मराठी माणूस असला की अडवणाऱ्याची उलट सोयच होते.

पहिला नाका सकाळीच लागला. सिग्नलला आमचं पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगवर गेलं होतं. चूक आमची, त्यात वाद नाही. हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली, नूनोकडे एकदा बघितलं आणि पुढचं सगळं माझ्याशीच बोलला.

"मराठी का? कुठले?"

"चिपळूण."

"मग आपलेच की. समजवा त्याला. फॉरेनर आहे, हे लायसन्स चालत नाही, पाच हजार होतील. वर सिग्नल. गाडी जमा झाली तर तुमचाच दिवस जाणार. दोन द्या, मिटवून टाकू."

आणि मी मिटवायला लागलो. दोन हजारांचे पंधराशे, पंधराशेचे हजार, हजाराचे आठशे. नूनोने पाकीट उघडलं, आत पाचशेच्या नोटा दिसल्या, सुटे माझ्याकडचे घातले. पावती नाही, मशीन बाहेर निघालंच नाही. गाडी सुरू झाली तेव्हा मला बरं वाटत होतं, मित्राचे बाराशे वाचवले म्हणून.

वर्सोव्याला बोटीची वाट बघताना मोबाइलवर दंडाचे दर बघितले. ज्या चुकीसाठी अडवलं होतं, ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मधली, पहिल्या वेळेला ५०० रुपये. म्हणजे मी भाव करून करून सरकारी दंडापेक्षा तीनशे जास्त देऊन आलो होतो, तेही बिनपावतीचे. पाच हजारांचा आकडा खरा आहे, पण तो विनापरवाना गाडी चालवण्याचा. नूनोकडे महाराष्ट्राचा पक्का परवाना आहे, आरटीओत परीक्षा देऊन काढलेला. इंटरनॅशनल परमिट वर्षभरापुरतं असतं. इथे राहणाऱ्याने इथलाच परवाना काढायचा असतो आणि त्याने तो काढला होता. नियम पाळलेल्या माणसाला नियम मोडल्याची भीती घातली गेली, आणि ती भीती त्याच्यापर्यंत मी माझ्या तोंडाने पोचवली.

नूनो चिडला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "तो पाच हजारांवरून सुरू झाला, तू आठशेला थांबलास. कुठे थांबायचं हे तुम्हा दोघांना कसं कळलं?" मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं या शहरात राहून मला तो भाव माहीत आहे, कोणी शिकवलेला नाही. त्याला तीन वर्षांत कळलेला नाही. त्याला पैशापेक्षा हेच लागलं होतं.

मग मढपासून मार्वेपर्यंत तो त्याच्या इथल्या दिवसांबद्दल बोलत राहिला. घर घेताना एजंटने "पोलीस एनओसी"चे दीड हजार घेतले. भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर घरमालकाला फुकट भरता येते, हे त्याला वर्षभराने कळलं. एकदा दुकानातून वाइनची बाटली घेऊन येताना परमिट विचारलं गेलं. महाराष्ट्रात दारू प्यायला, बाळगायला परवाना लागतो, १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. हे किती मुंबईकरांना माहीत आहे? पण विचारलं त्याला. तेव्हाही पाचशे गेले. प्रत्येक वेळी कायदा खरा होता, फक्त ऐकवलेली किंमत खोटी. परदेशी माणसाची अडचण नेमकी इथे होते. पूर्ण खोटं असतं तर तो भांडला असता.

दुसरा नाका परतताना, अंधार पडता पडता. या वेळी काहीच चुकलेलं नव्हतं. हेल्मेट दोघांना, विमा, पीयूसी सगळं जागेवर. पुन्हा तेच, "हे फॉरेनरला चालत नाही, इंटरनॅशनल दाखव." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा ना त्याला."

मी म्हटलं, "साहेब, चलान करा."

त्या हवालदारांनी परवान्याचं कार्ड स्वतःच्या खिशात घातलं. मी म्हटलं, जप्त केलं असेल तर पोच द्या, कलम २०६ मध्ये ती द्यावी लागते. ते म्हणाले, लई कायदा शिकलाय. मी पुन्हा म्हटलं, चलान करा. मग आम्हाला नुसतं उभं ठेवलं. पस्तीस मिनिटं. कोणी ओरडलं नाही, हात लावला नाही, फक्त आमच्याकडे बघायचं बंद केलं. दिवसभराच्या धुळीने डोळे चुरचुरत होते, पाय दुखत होते, आणि तीनदा मनात आलं की पाचशे देऊ आणि घरी जाऊ. नूनोने एकदा खिशाकडे हात नेला तेव्हा मी त्याचा हात धरला. शेवटी दुसऱ्या एका हवालदाराने येऊन कार्ड परत दिलं आणि "जा" म्हटलं. चलान नाही, कारण चलानात लिहायला काही नव्हतंच.

ही पस्तीस मिनिटं या सहलीतला सगळ्यात वाईट टप्पा. घोडबंदरच्या पुलाजवळची कोंडी त्यापुढे काहीच नाही. जाणार असाल तर एवढा वेळ हिशेबात धरूनच निघा. ज्याला घाई असते तोच पैसे देतो, आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं.

बाकी जे कामाचं आहे ते असं. मुंबईत २०१७ पासून ई-चलान आहे. मशीनमध्ये गाडीचा नंबर आणि गुन्हा टाकला की रक्कम आपोआप येते, मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो, पैसे नंतर ऑनलाइन भरता येतात. त्यामुळे रोख मागितली की समजा, दंड संपला आणि दुसरं काहीतरी सुरू झालं. कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये ठेवा, ते २०१८ पासून ग्राह्य आहेत. परवान्याचं कार्ड मात्र परदेशी मित्राजवळ असू द्या, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मोबाइलवरचं कोणी धड बघतच नाही. मूळ पासपोर्ट अशा सहलीत नेऊ नका, पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती जवळ ठेवा. कागद आणि पाकीट वेगवेगळ्या खिशांत. पाकीट उघडलं की भाव ठरतो.

तक्रारीबद्दल. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. पण सापळा लागतो तो मागणी झाल्यावर आणि पैसे देण्याआधी, पंचांसमोर, पावडर लावलेल्या नोटांनी. रस्त्यावरच्या पाच मिनिटांच्या व्यवहारात त्याला वेळच नसतो. आणखी एक, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं. मी नूनोला म्हटलं, सकाळच्या आठशेचं कळवू. तो नको म्हणाला. त्याच्या व्हिसाची मुदतवाढ दोन महिन्यांवर आहे, ती एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून व्हायची, आणि आपलं नाव कुठल्याही पोलीस कागदावर नको, एवढंच त्याचं म्हणणं. तक्रार केल्याने व्हिसा अडला, असं त्याने कोणाचं ऐकलेलंही नाही. भीती मात्र आहे, आणि ती मला खोटी म्हणता येत नाही, कारण अडकलं तर मला घरी जायचंय आणि त्याला देश सोडून.

म्हणून मराठी मित्रांना सांगणं आहे, बरोबर जरूर जा, पण मध्ये पडून भाव करू नका. "समजवा त्याला" म्हटलं की समजवायला जाऊ नका. जे बोलतील ते त्याला शब्दशः सांगा, आकड्यासकट, आणि तुमच्याकडून एकच वाक्य बोला: "साहेब, चलान करा."

नूनो पुढच्या महिन्यात हाच मार्ग एकट्याने करणार आहे, रविवारी नाही, कारण रविवारी मार्व्याला बोटीसाठी रांग लागते. ते वाक्य मी त्याला कागदावर लिहून दिलं आणि घरी येईपर्यंत तो ते पुन्हा पुन्हा म्हणत होता. "साहेब" म्हणायलाच हवं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं.