काकांनी माझी वेबसाइट ‘ऐकली’

रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर रामबागेतल्या काकांना (काचबिंदूमुळे त्यांना आता जवळजवळ दिसतच नाही) मोठ्या ऐटीत सांगितलं की आपल्या मंडळाच्या गणपतीची वेबसाइट मीच बनवलीय, बघा जरा. त्यांनी फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) चालू केलं आणि त्यातली बाई काय म्हणते, तर ‘अनलेबल्ड, बटन’ (म्हणजे नाव नसलेलं बटण), पुन्हा ‘अनलेबल्ड, बटन’.

“अरे, नुसती बटणंच लावलीस का रे?”

रात्री कोड उघडला. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा ‘ईएन’च (इंग्रजी) राहिलेली, ती ‘एमआर’ (मराठी) केली तेव्हा कुठे स्क्रीन रीडरला कळतं की इथे मराठी आवाज लावायचाय. वर्गणीच्या फॉर्मला लेबलच नाहीत, नुसते प्लेसहोल्डर (रकान्यातच दिसणारे सूचनेचे शब्द), जे टाइप करायला लागलं की गायब. फोटोंना ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे त्याचं शब्दांत वर्णन) दिला, ‘राजवाड्यासमोरची मिरवणूक’ असा नीट. आणि माझा लाडका फिका राखाडी रंग गेला, कारण डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीच्या) एए लेव्हलला साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो (काकूलाही तो दिसत नव्हता म्हणे, पण बोलली नाही).

माउस बाजूला ठेवून कीबोर्डवरच्या नुसत्या टॅबनं फिरलो तर मेन्यूतच अडकलो, ते अजून बाकी आहे. काका मात्र काल स्वतःच ५०१ रुपये वर्गणी भरून मोकळे.