बाबांच्या कॅसेटसाठी एम्युलेटर निवडताना

बाबांनी १९८७ साली सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर बेसिक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमांची एक कॅसेट गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या सदाशिव पेठेतल्या घराच्या माळ्यावर सापडली. यंत्र केव्हाच भंगारात गेले होते, त्यामुळे डेबियन ही लिनक्स प्रणाली असलेल्या माझ्या लॅपटॉपवरच, जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर वापरून, ते प्रोग्रॅम चालवण्याचे मी ठरवले.

अनेक जुनी यंत्रे एकाच प्रोग्रॅमातून चालवता येतात, म्हणून आधी रेट्रोआर्च घेतले. स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षर-अक्षर टाइप होत नाहीत. ‘जे’ दाबले की ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो आणि त्यापुढचे अवतरणचिन्ह सिंबल शिफ्टबरोबर ‘पी’ दाबून मिळते. रेट्रोआर्चमध्ये मात्र ‘पी’ ही मुळात खेळ थांबवण्याची कळ असल्याने प्रत्येक अवतरणचिन्हापाशी सारेच थबकत असे. सगळ्या कळा यंत्राकडे सोपवणारी सोय स्क्रोल लॉकवर आहे, आणि ती कळ माझ्या लॅपटॉपला नाही. कळा बदलता आल्या असत्या. पण जॉयस्टिकच्या कन्सोलसाठी उत्तम असलेले हे साधन कळफलकाच्या संगणकासाठी मला अवघडच वाटले. लहानपणीचे टीव्ही गेम मी आजही त्यावरच खेळतो.

मग केवळ स्पेक्ट्रमसाठी लिहिलेला फ्यूज हा एम्युलेटर निवडला. डेबियनमध्ये नुसते ‘फ्यूज’ मागितल्यास फाइल सिस्टिमशी संबंधित भलतेच पॅकेज मिळते. हवे असते ते ‘फ्यूज-एम्युलेटर-जीटीके’. रॉमचे, म्हणजे स्पेक्ट्रममधल्या मूळ अंगभूत प्रणालीचे, पॅकेज वेगळे, मुक्त परवाना नसलेल्या ‘नॉन-फ्री’ विभागात आहे. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडने एम्युलेटरसोबत रॉम वाटण्यास परवानगी दिल्यामुळे ते वापरणे कायदेशीर आहे का, ही शंकाही उरली नाही.

खरा वेळ कॅसेटने खाल्ला. तपकीर गल्लीतून आणलेल्या केबलने टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला, आवाज वेव्ह फाइलमध्ये घेतला आणि फ्यूजसोबतच्या ‘ऑडिओ२टेप’ने तिची टीझेडएक्स, म्हणजे एम्युलेटरला कळणारी कॅसेटची फाइल केली. दोनदा ‘टेप लोडिंग एरर’ आली. टेपरेकॉर्डरचे फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसून, त्याच्या शेजारचा स्क्रू आवाज तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत हळूहळू फिरवला, तेव्हा तिसऱ्या खेपेस पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे अखंड धावले.

प्रोग्रॅम दुधाच्या हिशेबाचा निघाला. त्यात फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा होता. बाबा म्हणाले, ‘‘१९८८ उजाडल्यावर बदलणार होतो.’’