निम्म्या घराची नवी किंमत

न्यू जर्सीत एडिसनला आमचं एक भाड्याचं घर आहे. २००४ च्या डिसेंबरात आम्ही ते दोघांच्या नावावर ३ लाख डॉलरला घेतलं. त्याचा सगळा व्यवहार हेच बघायचे. २०२१ च्या जूनअखेरीस हे गेले. पुढच्या वर्षी टॅक्सचे कागद समोर आले तेव्हा मी नुसती सही केली. कागद करणाऱ्यानं घसाऱ्याचा जुनाच तक्ता पुढे चालवला होता. घसारा म्हणजे बांधकामाच्या झिजेपोटी दरवर्षी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होणारी रक्कम, हेच मला तेव्हा नीट कळत नव्हतं.

टेक्सासची मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, माझे मिस्टर गेल्यावर टॅक्ससाठी अख्ख्या घराची किंमत नव्यानं धरली." पुण्याहून दीर म्हणाले, "वहिनी, असं कसं? वारसाहक्कानं आलं तरी आधीच्या मालकाची खरेदीची किंमतच धरतात." घर विकताना नफा ज्या किमतीवरून मोजतात आणि घसारा जिच्यावर काढतात, तिच्याबद्दल दोघं बोलत होते. मी गोंधळून गेले. शेवटी दुसऱ्या एका सीपीए, म्हणजे इथल्या सीए, बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. भारतात जुनी किंमत पुढे येते. टेक्सासमध्ये संसारात घेतलेली मिळकत नवरा-बायकोची सामाईक धरतात, म्हणून तिथे सगळं घर नव्या किमतीला येतं. न्यू जर्सीत तसं नाही. इथे ह्यांचा निम्मा हिस्सा मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाला येणार, माझा निम्मा जुन्याच हिशोबात राहणार.

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. ३ लाखांत जमीन ६० हजारांची, तिला घसारा नाही. बांधकाम २ लाख ४० हजारांचं, साडेसत्तावीस वर्षांत विभागलेलं. साडेसोळा वर्षांत सुमारे १ लाख ४४ हजार घसारा घेऊन झाला होता, म्हणजे घराची हिशोबातली किंमत उरली १ लाख ५६ हजार. त्यातले ७८ हजार माझ्या हिश्शाचे. ह्यांच्या हिश्शाचा जुना घसारा पुसला जाणार होता आणि बांधकामाच्या भागावर नव्यानं साडेसत्तावीस वर्षं सुरू होणार होती. माझ्या हिश्शाचे घसाऱ्याचे ७२ हजार मात्र घर विकताना नफ्यात धरले जातील, आणि त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. हे मी दोनदा विचारून घेतलं.

आता ह्यांच्या हिश्शाची किंमत ठरवायला जून २०२१ चं मूल्यांकन हवं होतं, आणि तोवर २०२२ चा सप्टेंबर उजाडला होता. मूल्यांकन करणाऱ्यानं त्या सुमारास आसपास विकल्या गेलेल्या घरांचे भाव काढले. मग विचारलं, स्वयंपाकघर तेव्हा कसं होतं? मी तर वसंतात ओटा आणि फरशी बदलून घेतली होती. ह्यांचा फोन चार्ज केला. मे महिन्यातला एक फोटो सापडला, गळक्या नळाचा, भाडेकरूकडे दुरुस्तीला गेले तेव्हा काढलेला. मागे जुना ओटा स्वच्छ दिसत होता. फोटोच्या कोपऱ्यात ह्यांचं बोट आलं होतं. तो फोटो पाठवायच्या आधी मी बराच वेळ बघत बसले.

किंमत ५ लाख २० हजार ठरली, म्हणजे ह्यांचा हिस्सा २ लाख ६० हजार. माझे ७८ हजार मिळवून आता घराची हिशोबातली किंमत ३ लाख ३८ हजार झाली. चूक एकाच वर्षाच्या रिटर्नमध्ये होती, त्यामुळे १०४०-एक्स हा रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म भरून ती दुरुस्त झाली.

घसाऱ्याच्या तक्त्यात आता घराच्या दोन ओळी आहेत. एक २००५ पासूनची, माझी. दुसरी जून २०२१ पासूनची, ह्यांची. मूल्यांकनाच्या अहवालाची प्रत मी ह्यांच्याच फाईलमध्ये लावली आहे, २००४ च्या खरेदीच्या कागदांच्या मागे, आणि मुलीला फाईलची जागा दाखवून ठेवली आहे.