आमची वाटचाल : आसाच्या मागे ४० मिलिमीटर

मोटारसायकल उचलून धरणारा स्टँड बनवणे म्हणजे पाइप वाकवून चार टाके मारणे, असे समजणाऱ्या एका व्यापाऱ्याने आमचा व्यवसाय एकदा बुडवत आणला होता. आम्ही त्यातून वर आलो. मात्र त्याने आमच्याकडून काय नेले आणि काय त्याला नेता आले नाही, हे कधीतरी नीट लिहून ठेवावे, असे तेव्हापासून मनात होते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा दोन गाळ्यांचा कारखाना आहे. वडिलांच्या काळापासून आम्ही फाउंड्रीवाल्यांसाठी ट्रॉल्या आणि कोअर, म्हणजे ओतकामातले वाळूचे गाभे, ठेवण्याचे रॅक करून देत होतो. २०१२ साली चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक २०० बाजारात आली. ती घेतलेले गडहिंग्लजच्या एका महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायक एके दिवशी आमच्या दारात उभे राहिले. त्यांना आम्ही आजही ‘सर’ म्हणतो. या गाडीला डबल स्टँड नाही. चेन साफ करून तेल द्यायचे तर गाडी हातभर पुढे ढकलायची, चार कड्यांना तेल द्यायचे आणि पुन्हा ढकलायची, असे चालले होते. मागचे चाक काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी विटा आणि लाकडी ठोकळे रचले, मुलाला सीट धरायला लावले, आणि ठोकळा सरकून मुलाचा पाय थोडक्यात वाचला. “पाहिजे तेवढे पैसे घ्या, पण एकट्या माणसाला गाडी उचलून बिनघोर सोडता येईल असे काहीतरी करा,” असे ते म्हणाले.

आमच्याकडे त्या वेळी जे मिस्त्री होते, तेच पुढे या धंद्यात चार आण्यांचे भागीदार झाले. त्यांचा हात पाइप वाकवण्यात इतका बसलेला होता की २५ एनबीच्या, म्हणजे साधारण इंचभर आतल्या व्यासाच्या, पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारून, गॅसवर लाल करून त्यांनी दिलेला बाक आतल्या बाजूने कुठेही चपटा होत नसे. पाइपाची जाडी त्यांनीच ठरवली. त्या मापात हलक्या वर्गाचा पाइप २.६ मिलिमीटरचा येतो आणि मध्यम वर्गाचा ३.२ चा. “गाडी माणसाच्या अंगाशेजारी उभी राहणार आहे, ३.२ च्या खाली मी हात लावणार नाही,” असे त्यांनी त्याच दिवशी सांगितले.

पहिला स्टँड आठ दिवसांत झाला. मागचे चाक धरणाऱ्या फोर्कला, म्हणजे स्विंगआर्मला दोन्ही बाजूंनी स्पूल, म्हणजे रिळासारखे गोल तुकडे, आवळले, स्टँडचे खाचे त्यांच्याखाली बसवले, हँडल दाबले आणि मागचे चाक जमिनीपासून चार बोटे वर आले. आम्ही खूश झालो. सरांनी मात्र काही न बोलता सीटच्या मागच्या टोकावर तळहात टेकवून गाडी हलकेच पुढे लोटली, आणि हँडल वर उसळून सबंध गाडी खाली आली. मिस्त्रींनी मागचा दांडा धरला म्हणून ती आडवी झाली नाही. सरांनी गाडी पुन्हा उचलायला लावली, खिशातून दोरा काढला, त्याला आमच्याच कामाच्या टेबलावरचा एक नट बांधला आणि स्पूलवरून ओळंबा सोडला. नट हेलकावे घेऊन थांबला तो बरोबर स्टँडच्या चाकाच्या आसावर. सर म्हणाले, “वजन काठावर उभे आहे. त्याला मागे न्या.”

आमचा सगळा व्यवसाय त्या दोऱ्यावर उभा आहे. हँडल दाबताना स्टँड आपल्या चाकांवर फिरतो, गाडी वर येता येता थोडी मागे सरकते, आणि हँडल जमिनीला टेकते तेव्हा स्पूलवरून सोडलेली उभी रेषा चाकाच्या आसाच्या मागे, हँडलच्या बाजूला पडली पाहिजे. मग गाडीचे वजनच हँडलला जमिनीवर दाबून धरते. आम्ही उभ्या बाहूंचा बाक वाढवत वाढवत ही रेषा आसाच्या ४० मिलिमीटर मागे नेली. त्याहून कमी ठेवले तर जाम झालेला अ‍ॅक्सलचा नट सोडवताना बसणाऱ्या झटक्याने गाडी पुढे उतरू शकते, आणि फार वाढवले तर हलक्या अंगाच्या माणसाला ती उचलवत नाही. बाहू आणि आडवा पाइप जिथे मिळतात तिथे आम्ही कोपरा बळकट करणारी गसेट पट्टी घातली, आणि प्रत्येक नग जिगमध्ये, म्हणजे माप पक्के धरणाऱ्या साच्यात, बसवूनच वेल्डिंग करण्याची शिस्त लावली.

त्यानंतरच्या सहा वर्षांबद्दल लिहिण्यासारखे विशेष काही नाही. काम होते, माल जात होता.

२०१९ च्या उन्हाळ्यात बाहेरगावच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने चारशे स्टँडची ऑर्डर दिली. नमुना म्हणून दोन नग आणि ‘बॉक्सच्या मापासाठी’ म्हणून आमचे ड्रॉइंग त्याने मागून घेतले, आणि आम्ही ते विश्वासाने दिले. बँकेची मर्यादा वाढवून घेऊन पाइप भरला आणि दोन पाळ्यांत काम करून माल तयार केला. ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढले आणि अनेक दिवस वाहतूक बंद राहिली. आमचा माल गाळ्यात पॅक होऊन पडला होता. पाणी उतरल्यावर माल न्यायला गाडी लावायची म्हणून फोन केला, तर मुदत उलटल्याचे कारण सांगून त्याने ऑर्डर रद्द केली. महापूर सगळ्या महाराष्ट्राने पाहिला होता, फक्त त्याला तो दिसला नव्हता. दिवाळीच्या सुमारास आमच्याच आकाराचा, आमच्याच रंगाचा स्टँड त्याच्या नावाने निम्म्या किमतीत विकला जाऊ लागला, तेव्हा ऑर्डर कशासाठी दिली होती ते आम्हाला कळले.

एका गिऱ्हाइकाकडून आम्ही त्यातला एक नग मिळवला आणि कापून पाहिला. पाइप २ मिलिमीटरचा होता. गसेट नव्हती. कुरिअरचे खोके लहान व्हावे म्हणून हँडल चार इंचांनी कापले होते, त्यामुळे उचलायला जोर जास्त लागत होता. हेही एक वेळ चालले असते. परंतु खोके चपटे व्हावे म्हणून त्यांनी उभ्या बाहूंचा बाकच सरळ केला होता. सरांना निरोप धाडला. ते गडहिंग्लजहून आले, त्यांनी त्यावर गाडी चढवली आणि ओळंबा सोडला. नट पुन्हा आसावर थांबला. सात वर्षांपूर्वी जी चूक आम्ही एका दुपारी ओळखून दुरुस्त केली होती, तीच चूक तो व्यापारी लोकांना विकत होता. त्या स्टँडवरून गाडी घसरून टाकी चेपल्याची तक्रार घेऊन लोक आमच्या दारात आले, कारण आकार आमचा म्हणून ओळखीचा होता. प्रत्येकाला बाक दाखवून समजावून सांगताना झालेला मनस्ताप मी आजही विसरलेलो नाही.

त्या वर्षअखेरीस हप्ते थकले आणि आम्हाला हायड्रॉलिक बेंडर विकावा लागला. मिस्त्रींनी सहा महिने आपला वाटा उचलला नाही. नवीन कामासाठी ते पुन्हा वाळू ठासून, खुंट्या मारून, गॅसवर पाइप वाकवू लागले. ते चारशे स्टँड आम्ही एकेक करून विकले. टाळेबंदी उठल्यावर घरच्या घरी गाडीचे काम करणारे लोक वाढले, त्यातच शेवटचा नग गेला आणि बँकेचे खाते सुरळीत झाले.

स्टँड कोणाचाही घ्या, पण घेण्याआधी ओळंबा सोडून पाहा. गाडी वर चढवण्यापूर्वी पुढच्या ब्रेकला पट्टी बांधू नका, कारण गाडीला थोडे मागे सरकावे लागते. पट्टी गाडी वर चढल्यावर बांधायची आणि उतरवण्याआधी सोडायची. उतरवताना साइड स्टँड खाली आहे ना, हे हात लावून पाहा. बहुतेक गाड्या उचलताना पडत नाहीत, उतरवताना पडतात. पुढचे चाक काढायचे असेल तर आधी मागची बाजू स्टँडवर घ्या आणि मगच पुढची उचला. पुढचे फोर्क काढायचे असतील तर फोर्कच्या तळाला टेकणारा स्टँड उपयोगाचा नाही, गाडीच्या हँडलच्या खाली स्टेअरिंगच्या नळीत पिन घालणारा स्टँड लागतो. ज्यांच्या गाडीला डबल स्टँड आहे त्यांनी इंजिनखाली जॅक लावताना तो ऑइल फिल्टरवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर टेकवू नये. मध्ये लाकडी फळी घालून वजन फ्रेमवर घ्यावे. आणि हात जोडून सांगतो, गाडी स्टँडवर असताना इंजिन सुरू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावू नका. चेन आणि चक्राच्या मध्ये गेलेले बोट परत येत नाही. चाक हाताने फिरवा, वेळ लागला तरी चालेल.

मागच्या महिन्यात सर त्यांचा पहिला स्टँड रबर बदलायला घेऊन आले. ड्यूक त्यांनी कधीच विकली आहे. आता त्यांच्याकडे डबल स्टँडची गाडी आहे आणि जुना स्टँड शेजारची मुले वापरतात. मिस्त्रींनी खाच्यांतले रबर बदलले, चाकांचे बोल्ट आवळले आणि त्यावर गाळ्यातली एक गाडी चढवली. सरांनी खिशातून दोरा काढला, नट बांधला, तो स्थिर होईपर्यंत उकिडवे बसून राहिले आणि मग मोजपट्टी लावून अंतर मोजले. ते चाळीसच भरले.