गॅनिमीडचा भाऊ

आजचा सुट्टीचा दिवस जॉन स्टाल या संपादकाविषयी वाचण्यात गेला आणि माणूस डोक्यातून जात नाहीये. न्यू यॉर्कमध्ये तो 'गॅनिमीड' नावाचं समलिंगी पुरुषांच्या साहित्य-कलेचं नियतकालिक काढायचा. २०१० मध्ये तो गेला.

एकट्याच्या जिवावर चाललेल्या अंकाचं पुढे काय होतं, हे लघुनियतकालिकं पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. इथे मात्र अर्कान्सामधला तरुण कवी ब्रायन बोरलंड पुढे झाला. त्याने आधी 'गॅनिमीड अनफिनिश्ड' हा स्मृतिअंक काढला. मग २०११ पासून 'असॅरेकस' हे समलिंगी कवींचं त्रैमासिक सुरू केलं. एका कवीला एकच कविता नाही, पानंच्या पानं द्यायची. किती मोठं मन लागतं याला!

ग्रीक पुराणात असॅरेकस हा गॅनिमीडचा भाऊ. देखण्या गॅनिमीडला देवांचा राजा झ्यूस याने उचलून ऑलिंपसवर, म्हणजे देवांच्या पर्वतावर नेलं. असॅरेकस मागे राहिला, आणि रोमचे लोक ज्याला आपला मूळपुरुष मानत तो इनीअस त्याच्याच वंशात जन्मला. गेलेल्या संपादकासाठी याहून सुंदर श्रद्धांजली मला तरी माहीत नाही.

आपल्या मुंबईतलं 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी समाजाचं नियतकालिक १९९० मध्ये सुरू झालं, मध्ये बंद पडलं, २००९ मध्ये पुन्हा निघालं. त्याचे जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.