300 एसचा दस्ता: वाफ झाली, लांबी (पुट्टी) झाली, शेवटी ठिगळानं जमलं

मंडळी, जमलं एकदाचं! रायफलच्या लाकडी दस्त्यावर कोरलेली सगळी अक्षरं गेली नाहीत अजून, पण पहिल्या दोघांच्या जागी आज तेलाचा हात दिला आणि तिथे नुसतं अक्रोडाचं लाकूड दिसतंय. तिरक्या उजेडात धरलं तरी सांधा शोधावा लागतोय, म्हणून हात पुसून लगेच लिहायला बसलोय.

नव्यांसाठी एवढंच, की रायफल म्हणजे माझी सेकंडहँड फाइनवेर्कबाऊ 300 एस, बाजूच्या दांड्याची (साइड लिव्हरवाली) जर्मन एअर रायफल. कुठल्यातरी क्लबनं बटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या भागाच्या, उजव्या बाजूला, आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात त्या इलेक्ट्रिक पेननं चार इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे घातलेत आणि वर काळा ऑइल पेंट भरलाय. बाकी रायफल ठणठणीत आहे. आणि परत एकदा सांगतो कारण मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं, मेटलवरचा सीरियल नंबर आणि कंपनीचे शिक्के याला मी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका. ती रायफलची ओळख आहे, आणि लायसनवाल्या हत्यारावर नंबरशी खेळणं म्हणजे आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्हा. आपलं काम फक्त लाकडाचं.

वाफेचं आधी सांगतो, कारण तिनं अपेक्षेपेक्षा जास्त दिलं. इस्त्री आणि ओला सुती कपडा, नेहमीचंच. वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं, पण कापून गेलेलं परत येत नाही हे सगळ्यांना माहितीये. गंमत अशी की ते पेन लाकूड कापत नाही, ठोकत जातं, त्यामुळे जिथे कोरणाऱ्याचा हात हलका पडला होता तिथे तंतू नुसते दबलेले होते. तिन्ही आकडे असे निघाले, शेवटचा तर इतका साफ की नंतर सँडपेपर मारायचीही गरज पडली नाही. बोट फिरवून फिरवून बघत होतो, काहीच लागत नव्हतं! अक्षरं मात्र खोल होती. कडा वर आल्या, मधली खाच तशीच.

त्या खाचेत पेंट काढल्यावरही काळपट राहिलं होतं. अक्रोडात टॅनिन असतं, लोखंड आणि ओल त्याला मिळाली की काळा डाग पडतो, आणि तो पेपरनं जात नाही कारण आत उतरलेला असतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड, कोमट पाण्यात, ब्रशनं. ग्लोव्हज घालाच, ते विषारी आहे, आणि नंतर भरपूर पाण्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर पेपर मारताना ती पूड नाकात जाते. लोखंडाच्या त्याच काळ्या डागामुळे या स्टेजला स्टील वूल नको, त्याचे बारीक कण लाकडात राहतात आणि परत काळं होतं. पितळी ब्रश वापरा. पुण्यात बोहरी आळीत मिळतो, तारा दाट आणि मऊ असलेला बघून घ्या.

आता लांबी, म्हणजे खाचा भरायची पुट्टी. यानंच सगळा वेळ खाल्ला.

अक्रोडाचा भुस्सा आणि इपॉक्सी कालवून खाचा भरल्या, घासून सपाट केल्या, कोरडं असताना बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेल लावलं आणि चारही अक्षरं परत हजर, आधीपेक्षा ठळक. कारण सरळ आहे, लाकूड तेल पितं आणि गडद होतं, इपॉक्सी पीत नाही. वर लाकडाला रेषा असतात, त्या उजेडाबरोबर चमक बदलतात, लांबी कुठूनही बघा मठ्ठच दिसते. भुस्सा बारीक केला, जाड केला, सुपरग्लूत कालवला, चपडा (लाख) वितळवून भरला. चपडा त्यातल्या त्यात बरा, पण तोही चमकतो वेगळाच. माझं मत आता पक्कं झालंय, वार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा थर) मारायचं असेल तर लांबी चालून जाते, पण ऑइल फिनिशखाली बारीक टोच्याहून मोठी लांबी लपत नाही.

मग आपल्यातल्या नाशिकच्या काकांनी मागे सुचवलेलं ठिगळ, म्हणजे खराब भाग काढून तिथे लाकडाचा तुकडा बसवणं, डोक्यात घेतलं. लाकडाला लाकूडच. प्रश्न अक्रोड आणायचं कुठून. ऑनलाइन मागवलेलं ‘वॉलनट व्हिनिअर’ (अक्रोडाचा पातळ पापुद्रा) ॲसिटोननं पुसलं तर कापसाला तपकिरी रंग, म्हणजे दुसरंच कुठलं तरी लाकूड रंगवून दिलेलं. आणि उत्तर घरातच होतं, काश्मिरी कोरीवकामाचा एक फुटका ट्रे! काश्मीरचं अक्रोड आणि युरोपातल्या दस्त्यांचं अक्रोड हे झाड एकच, जुग्लान्स रेजिया. तिकडचे कारागीर मुळाकडचं, खोडाचं आणि फांद्यांचं लाकूड वेगळं धरतात, मुळाचं सगळ्यात गडद, फांदीचं फिकट आणि जवळजवळ बिनरेषांचं. माझा ट्रे खोडाचा निघाला, आणि जुनं लाकूड असल्यानं रंगही निवळलेला. अक्रोड बाकीच्या बऱ्याच लाकडांसारखं उजेडानं काळवंडत नाही, उलट फिकं होतं, त्यामुळे जुन्या दस्त्याला नवं लाकूड जुळणं अवघडच. जुळवणी मात्र कोरड्यावर करू नका, दोन्हीकडे टर्पेंटाइनचा बोळा फिरवा, तेलानंतर साधारण जो रंग येणार तोच तेव्हा दिसतो.

आकार होडीसारखा ठेवला, दोन्ही टोकं निमुळती आणि रेषांच्या दिशेनं, म्हणजे सांधा रेषांत हरवतो. चौकोनी ठिगळाची आडवी कड काही केल्या लपत नाही. जाडी अडीच मिलिमीटर, कडांना किंचित उतार. आणि क्रम महत्त्वाचा: आधी ठिगळ पूर्ण तयार करायचं, ते दस्त्यावर ठेवून भोवती धारदार ब्लेडनं रेघ ओढायची, मग त्या रेघेच्या आतच खाच काढायची. मधला भाग रोटरी टूलनं, पण कडेशी आल्यावर मशीन बाजूला आणि पटाशी हातात. रोटरीनं कडा काढायचा आग्रह धरणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे, लाकूड जळून काळी किनार येते ती आयुष्यभर दिसते.

चिकटवायला फेविकॉल नाही, सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना गोंद. पांढऱ्या ग्लूची रेघ तेल घेत नाही, परत तेच लांबीचं दुखणं. सरस जवळपास मिसळून जातो, आणि नाहीच जमलं तर वाफेनं सुटतोही. ठिगळ लाकडी ठोकळ्यानं हलकेच ठोकलं तेव्हा उतारामुळे ते शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला असं काही घट्ट बसलं की सांध्यातून सरसाची बारीक रेघ सगळीकडून सारखी वर आली. काय समाधान होतं ते! वाळल्यावर वर राहिलेला भाग काचेच्या तुकड्यानं खरवडला, जुने सुतार करतात तसा, मग 320चा पेपर ठोकळ्यावर लावून.

तेल जवसाचंच. हार्डवेअरवाल्याचं डबल बॉइल्ड मला पटत नाही, दिवसेंदिवस चिकट राहतं. आर्ट मटेरियलच्या दुकानातलं रिफाइंड महाग आहे पण पातळ हात देऊन पुसून काढलं की नीट सुकतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा.

उरलेल्या दोन अक्षरांना दोन होड्या करणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय की ती इतकी जवळ आहेत की मधे लाकडाची बारीक पट्टी उरेल आणि पटाशी लागली की तीच उडेल. त्यापेक्षा दोघांना मिळून एकच लांब ठिगळ बरं. ट्रेच्या तळाला तेवढी सरळ रेषांची जागा आहे, आत्ताच मोजून आलो, बसतंय. मग ग्रिपवरचं स्टिपलिंगही (पकडीसाठी टोचून केलेले खड्डे) गुळगुळीत झालंय ते याच सोबत उठवून घेईन, म्हणजे तेल सगळीकडे एकदमच. त्यासाठी खिळा घासून पंच करावा की चार टोकांचा तयार घ्यावा? ज्यांनी अक्रोडावर केलंय त्यांनी सांगा, सागावरचा अनुभव इथे कामाचा नाही, अक्रोडाचे तंतू फार बारीक असतात.